तानबाचं ऐकणारी चकती

वडनेरची सुरभी वर्ध्याच्या एका कॉलेजात जेलवर संशोधन करत होती. पाण्याने फुगलेलं, थंडगार, पारदर्शक जेल. दोन काचांच्या फटीत द्रावण ओतायचं, ते गोठलं की गोल चकत्या कापायच्या, धुवायच्या आणि किती घसरतात ते मोजायचं. एवढंच काम, पण तीन महिने आकडे जुळत नव्हते. एकच चकती सकाळी सुळकन जायची, दुपारी चिकटून बसायची.

"तुमचा हात थरथरतो," असं तिचे मार्गदर्शक प्रभाकरराव सर सगळ्यांसमोर म्हणाले. सुरभी त्या दिवशी रडली.

काचा चौकटीत बसवून द्यायचं काम तानबाभाऊंचं. हिंगणीचा माणूस, प्रयोगशाळेत तीस वर्षं काढलेला. एका दुपारी त्यांनी हातमोजे घालून आपल्या डबीतून एक चकती काढली, तिरक्या काचेवर ठेवली आणि सरांना हाक मारली.

"सर, हे माह्यं आयकते. थांब!"

चकती थांबली. तानबाभाऊंनी ती उचलली, तळहातावर घोळवली, फुंकर मारली, परत ठेवली. "जा आता!"

चकती घसरत खाली गेली.

सरांनी स्वतः करून पाहिलं. कधी जमलं, कधी नाही. मग पैज लागली, आलुबोंड्यांची. चार दिवस तानबाभाऊ आलुबोंडे खात होते आणि सर उतार मोजत होते.

पाचव्या दिवशी सुरभीने चकतीकडे पाहणं सोडलं आणि तानबाभाऊंच्या बोटांकडे पाहिलं. फुंकर मारता मारता ते चकती हळूच उलटी करत होते!

सगळे गेल्यावर तिने चौकटीचे स्क्रू काढले. वर काच होती. खाली काच नव्हतीच, त्याच मापाचा कापलेला पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा होता.

कुणाला न सांगता दोन्हीकडे प्लास्टिक लावून तिने नवं जेल ओतलं आणि दोन दिवसांनी त्यातली एक चकती तानबाभाऊंच्या डबीत, त्यांच्या चकतीच्या जागी ठेवून दिली.

त्या दुपारी अख्खा विभाग जमला होता. तानबाभाऊंनी ऐटीत चकती ठेवली. "थांब!"

चकती सुटली ती थेट सरांच्या चहात.

"थांब म्हनलं ना तुले!" त्यांनी ती काढली, धुतली, उलटी करून ठेवली. चकती पुन्हा सुटली आणि सरांच्या बुटावर जाऊन पडली. लोक हसून हसून लोळायचे बाकी होते.

"तानबाभाऊ," सुरभीने विचारलं, "चौकटीतली खालची काच कुठं हाय?"

त्यांचा चेहरा पडला. "फुटली व बाई. दिवाळीतच."

"मंग सांगतलं काऊन नाई?"

"सर तुले बोलले त्या दिवशी सांगाले आलतो. तू रडून राह्यली होती. म्या मनात म्हनलं, आता अजून काय सांगू?"

सुरभीला भयंकर राग आला. तीन महिने गेले होते! पण रागातच तिला ते लख्ख दिसलं. द्रावण एक, भांडं एक, फरक फक्त कशाला टेकून गोठलं याचा. प्लास्टिकमध्ये मुरलेली हवा जेलच्या रेणूंच्या साखळ्यांना नीट जुळू देत नाही. त्या बाजूची कातडी सैल, पाणथळ आणि निसरडी होते. काचेकडची घट्ट विणली जाते आणि चिकटून बसते. तिने ते सरांना फळ्यावर काढून दाखवलं.

"म्हणजे तुमचा हात थरथरत नव्हता," सर म्हणाले, आणि चहा मोरीत ओतायला गेले.

दुसऱ्या दिवसापासून तानबाभाऊ तिला पाच तऱ्हेच्या प्लास्टिकचे पत्रे कापून देऊ लागले. सुरभीचा राग काही एका दिवसात गेला नाही. आठवडाभर तिने प्रत्येक चौकट उघडून तपासली. तेही स्वतःच स्क्रू काढून देत.

शनिवारी ते दारात घुटमळत उभे राहिले.

"एक मागू काय? काच एकीकडं, प्लास्टिक एकीकडं, अशी एक चकती देजो."

"कायले?"

"फिजिक्सवाल्यायनं अजून पायलं नाई."

सुरभीने चकती डबीत घालून दिली, आणि हातमोजे काढून स्वतःही त्यांच्या मागोमाग निघाली.