शनिवारी वाचून न दाखवलेली चिठ्ठी

मी एक जुनी पत्र्याची तक्रारपेटी आहे. पुसदहून उमरखेडला जाणाऱ्या रस्त्यावर दहावीपर्यंतची एक शाळा आहे. तिच्या व्हरांड्यात, मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर मी पंधरा वर्षं टांगलेली आहे. मित्रांनो, आज माझ्या अंगावर गंज चढला आहे, पण माझेही दिवस होते.

माझा जन्म पुसदच्या बाजारातला. धावजी नावाचा कारागीर लग्नात द्यायच्या पत्र्याच्या पेट्या बनवायचा. एका नवरीच्या पेटीतून उरलेल्या पत्र्यातून त्याने मला घडवलं. म्हणून माझ्या पाठीवर अर्धंच कमळ आहे. उरलेलं अर्धं कुणाच्या तरी सासरी गेलं. माझं तोंड त्याने मुद्दाम अरुंद ठेवलं. "चिठ्ठी जाईन, बोट नाई जाणार," तो म्हणाला, "एकदा आत गेलं का किल्लीबिगर भाईर येत नाई." या गोष्टीचा मला फार अभिमान होता.

माझी किल्ली खेमसिंग सरांच्या मोटारसायकलच्या किल्लीसोबत असायची. सर म्हणजे आमचे मुख्याध्यापक. माणूस सरळ, आवाज खणखणीत आणि लपवाछपवीचा मनापासून तिटकारा. त्यांनी एक रीत घालून दिली होती. शनिवारी सकाळच्या परिपाठाला प्रार्थना झाली की मला खिळ्यावरून उतरवायचं, सगळ्या शाळेसमोर उघडायचं आणि एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचायची. उत्तरही तिथेच द्यायचं. चिठ्ठीवर नाव हवंच. निनावी चिठ्ठी भेकडाची, असं सर म्हणत.

काय सांगू तुम्हाला ते शनिवार. 'सातवीतला पंखा नुसता आवाज करतो, वारा देत नाही.' 'खिचडीत मीठ कमी असते.' ही दुसरी वाचली की शाळेत स्वयंपाक करणाऱ्या रुखमाबाई पदर खोचून तिथूनच म्हणायच्या, "सोमवारी दोन मुठी टाकीन, मंग बसा पाणी पीत." एकाने तर लिहिलं होतं, 'सरांचे गणित काल फळ्यावर चुकले.' सरांनी तेही वाचलं आणि हात जोडले. सगळं मैदान टाळ्या वाजवू लागलं. दुसऱ्या शाळांचे गुरुजी मला बघायला येत, आणि मी आपली खिळ्यावर फुगून बसे.

मग दोन वर्षांपूर्वीचा एक शनिवार आला. आठवीतल्या अर्पिताने लिहिलं होतं की आईच्या मोबाईलवर कुणी अनोळखी माणूस मला घाणेरडं काहीबाही पाठवतो, मी काय करू. सरांनी ते नेहमीच्याच खणखणीत आवाजात वाचून टाकलं. आधी कुणीतरी फिसकन हसलं, मग रांगाच्या रांगा हसल्या. सर सगळ्यांवर रागावले, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. सोमवारी अर्पिता शाळेत आली नाही. पुढे कळलं, ती मामाच्या गावी शिकायला गेली.

सरांनी तो विषय पुन्हा काढला नाही. मुलांनीही माझ्यात मोबाईलविषयी एक अक्षर टाकलं नाही. पंख्याच्या आणि नळाच्या तक्रारी पालकांच्या मोबाईलवरच्या गटात जाऊ लागल्या. कित्येक शनिवारी मी रिकामीच निघे. माझ्या मागे एका पालीने संसार थाटला तरी कुणाचं लक्ष नव्हतं. लोकांना वाटायचं मी निरुपयोगी झाले. खरी गोष्ट मला ठाऊक होती, मुलं मला भ्यायला लागली होती.

यंदा दिवाळीच्या सुट्टीनंतर एका गुरुवारी नववीतली मैत्रेयी आली, घडी घातलेला कागद माझ्यात टाकला आणि पळाली. आत पडलेलं मी वाचतेच, ती माझी जुनी खोड. कुणीतरी तिच्या नावाने मोबाईलवर खोटं खातं उघडलं होतं. स्नेहसंमेलनातल्या फोटोतला तिचा चेहरा नको त्या चित्रावर चिकटवला होता आणि ते चित्र वर्गातली मुलं एकमेकांना पाठवत होती. खाली तिने पूर्ण नाव लिहिलं होतं, सरांच्या शिस्तीप्रमाणे.

शुक्रवारी मधल्या सुट्टीत ती परत आली. हातात फूटपट्टी होती. ती माझ्या तोंडात खुपसून कागद ओढायला बघत होती, पण कागद काही वर येत नव्हता. मित्रांनो, त्या क्षणी मला माझ्या अरुंद तोंडाची लाज वाटली.

ताटं घेऊन जाणाऱ्या रुखमाबाई थांबल्या. "काय शोधून राह्यली वो पोरी?"

"चिठ्ठी काढाची हाये माही."

"मंग टाकली कायले?"

"टाकली तवा शनवार ध्यानात नव्हता," मैत्रेयी म्हणाली आणि तिला रडू फुटलं. "सर उद्या सगळ्याइच्यासमोर वाचतीन. मले मंग शाळेत येता येणार नाई."

रुखमाबाईंनी ताटं खाली ठेवली. "त्यात काय लिवलं ते मले सांगू नको. एवढंच सांग, ते सरले कळाले पायजे का नाई?"

मैत्रेयीने डोळे पुसले. "पायजे. पण एकट्या सरले."

रुखमाबाई तिला घेऊन थेट सरांच्या खोलीत गेल्या. सर म्हणाले, "बाई, पंधरा वर्षांची रीत हाये. आपल्या शाळेत लपवाछपवी चालत नाई."

"सर," रुखमाबाई हळूच म्हणाल्या, "अर्पिताची चिठ्ठीबी तुमीच वाचलती."

सर उठले. त्यांनी मला उतरवून आत नेलं, दार ओढलं आणि चिठ्ठी मनातल्या मनात वाचली. चष्मा काढून त्यांनी टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "बेटा, तुही काहीच चूक नाई. चूक माही होती, अन् ती जुनी हाये." त्यांनी मैत्रेयीच्या आईला बोलावून घेतलं. त्या खात्याचे फोटो पुरावा म्हणून जपून ठेवले आणि तिघं मिळून पोलीस ठाण्यात गेले.

शनिवारी परिपाठाला सर रिकाम्या हाताने उभे राहिले. "पेटीतलं आजपासून मी एकटाच वाचीन," ते म्हणाले. "नाव लिहायचं का नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं." टाळ्या वाजल्या नाहीत. खरं सांगते, मला त्या टाळ्यांची आठवण येते. टाळ्यांनी गजबजलेलं म्हातारपण कुणाला नको असतं? पण आता माझ्या पोटात काय आहे हे मैदानाला कळत नाही, आणि चिठ्ठ्या मात्र पुन्हा पडू लागल्या आहेत.

मित्रांनो, मोबाईलवर कुणी तुम्हाला घाबरवलं, फसवलं किंवा तुमचा फोटो बिघडवला, तर त्यात लाज तुमची नसते. विश्वासाच्या एका मोठ्या माणसाला लगेच सांगा. आणि मोठ्यांनो, पोरांचं दुखणं ऐका, पण त्याची दवंडी पिटू नका.

मागच्या आठवड्यात मैत्रेयीने आणखी एक चिठ्ठी टाकली. सरांनी ती खोलीत वाचली, दोनदा वाचली आणि खिशात ठेवून दिली. तिच्यात लिहिलं होतं, 'सर, ते खाते बंद झाले. ज्या मुलाने केले त्याने आईबाबांसोबत येऊन माफी मागितली. मी रोज शाळेत येत आहे. ही चिठ्ठी सगळ्यांसमोर वाचली तरी चालेल.'