सोनटक्क्याची पाठ

घराची वाटणी झाली तेव्हा थोरल्या जाऊबाईंना उन्हाची बाजू मिळाली आणि मला मागचा कोपरा. तिथे टाकी गळते, न्हाणीघराचं पाणी मुरतं आणि ऊन नावालाही नाही. मध्ये भिंत उठली त्या दिवशी जाऊबाई म्हणाल्या, "तिथे बेडकांशिवाय काही पिकायचं नाही हो." झालं! माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी तोंडाला येईल ते बोलले आणि तेव्हापासून आमचं बोलणं बंद.

बेडूक काय! मी फुलंच फुलवून दाखवणार होते, तीही भिंतीवरून त्यांना दिसतील एवढी उंच. गुलाब लावला, तो कुजला. शेवंतीने आठवड्यात मान टाकली. शेवटी रोपवाटिकेतला माळी म्हणाला, "बाई, ओल आणि सावली दोन्ही मानवणारा सोनटक्का न्या. एकदा लावला की दर वर्षी आपला आपण फुटतो." आल्यासारखे दिसणारे कंद आणून मी पुरले.

पहिल्या वर्षी नुसती पानं. आमचे हे रोज चहाचा कप घेऊन मागे यायचे आणि विचारायचे, "काय, भाजी कधी करायची याची?" मी आणखी मूठभर खत घालायचे.

पुढच्या वर्षी मात्र दांडे भिंतीच्याही वर गेले. शेंड्यांना कळ्या धरल्या. बघा आता जाऊबाई, असं मी रोज सकाळी भिंतीला सुनावायचे.

आणि फुलं उमलली तर काय, मेली सगळीच्या सगळी पलीकडे वाकली! उजेड तिकडे ना. पाणी माझं, खत माझं, कंबर माझी मोडली, आणि फुलं त्यांच्या अंगणात. मला दिसत होत्या नुसत्या पाठी. काठ्या रोवल्या, दोरीने बांधून इकडे ओढलं, तरी दोन दिवसांत शेंडे पुन्हा तिकडेच. "कृतघ्न मेली!" मी ओरडले. ह्यांचा चहा हसून हसून सांडला.

पण जाऊबाईंना आयत्या बिळावरचा नागोबा मी कशी होऊ देईन? कात्री घेतली आणि तरातरा त्यांच्या दारात गेले. माझी फुलं कापून आणणार, बास!

जाऊबाईंनी दार उघडलं, कात्रीकडे पाहिलं आणि मला मागच्या अंगणात नेलं. तिथे भिंतीलगत बांबूचा आधार उभा केला होता. दांडे घासून मोडू नयेत म्हणून त्यावर जुन्या चादरीच्या पट्ट्या गुंडाळल्या होत्या. एकही फूल तोडलेलं नव्हतं.

"तुझी आहेत म्हणून हात लावला नाही," त्या म्हणाल्या. "वास तेवढा घेतला. तो काही परत देता येत नाही."

इतके दिवस राबून लावलेली फुलं मी पहिल्यांदाच समोरून बघत होते. पांढरीशुभ्र, माझ्याकडे तोंड करून! आनंद झाला, लाज वाटली आणि पंचाईतही झाली, कारण मी भांडायला आले होते आणि भांडण काही केल्या सापडेना.

भिंतीसमोर दोन खुर्च्या होत्या. एक रोजच्या बसण्यातली दिसत होती, दुसरीवर धूळ.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"फुलं आली त्याच दिवशी मांडली," जाऊबाई धूळ पुसत म्हणाल्या. "हाक मारायला जीभ रेटत नव्हती गं."