दुसरा डोळा

आमचे वडील देवळांच्या भिंती रंगवायचे. रंग खलायला आम्ही दोघी बहिणी बसायचो, मी आणि धाकटी वर्कनेश. अक्षरओळख व्हायच्या आधी त्यांनी आम्हाला एक नियम शिकवला होता. देवाच्या माणसाला दोन डोळे, सैतानाच्या माणसाला एक. संत कुठेही निघालेला असो, त्याचं तोंड आपल्याकडे हवं, दोन्ही डोळ्यांनिशी. तोंड वळवून एकच डोळा दाखवतो तो येशूला धरून देणारा यहूदा, किंवा नरकाच्या वाटेला लागलेली माणसं. आमच्या अदिस अबाबात देवळात वाढलेल्या कुठल्याही म्हातारीला विचारा, ती हेच सांगेल.

वर्कनेश बैरूतला घरकामाला गेली तेव्हा तिची बेझावित चार वर्षांची होती. दोन वर्षांनी वर्कनेश पेटीतून परत आली. बेझाला मी वाढवलं. मला ती एतेते म्हणते. माझं लग्न झालं नाही. पहाटे मरियमची स्तोत्रं, बुधवार-शुक्रवारचा उपास आणि पावसाळ्यात मरियमच्या फिल्सेता उपासाचे सोळा दिवस दुपारपर्यंत देवळात, एवढाच माझा संसार. ते सोळा दिवस एकवीस वर्षांत एकदाही चुकले नव्हते.

बेझा कॉलेजात अ‍ॅनिमेशन शिकत होती. मागच्या वर्षी तिची फिल्म अपुरी राहिली, म्हणून शेवटचं वर्ष पुन्हा करावं लागलं. या खेपेला तिचे शिक्षक मेम्हिर योनास यांनी स्पष्ट सांगितलं होतं, "बेझावित, पुन्हा अपुरी आणलीस तर माझ्याही हातात काही राहणार नाही. नाव कमी होईल."

फिल्म दोन मिनिटांची होती. तिच्या शेवटी आई चुलीपासून उठते, बोचकं घेते आणि अंगण ओलांडून फाटकाबाहेर जाते. एवढ्या चालण्याला तीनशे बारा कागद. एका सेकंदाला बारा चित्रं लागतात, हे तिच्यामुळेच मला कळलं. सहा महिने ती या कागदांवर वाकलेली होती. जमा करायला आठ दिवस उरले आणि आवाज भरण्यासाठी तिला तीन दिवस कॉलेजात जाऊन राहावं लागलं.

"एतेते, एक काम करशील? आईच्या केसांत काळं भर. रेघेच्या आत. बाकी कशालाही हात लावू नको हं."

"तुझ्या आजोबांच्या हाताखाली शिकलेय मी. मला सांगतेस?"

"म्हणून तर सांगतेय," ती हसून म्हणाली. त्या महिन्यातलं तिचं ते शेवटचं हसू.

फिल्सेता सुरू होता. देवळातून आले की मी धूप लावायची आणि कागद घेऊन बसायची. पहिला कागद उचलला आणि हात थांबला. वर्कनेशच होती ती. तोच मानेचा बाक, तेच रुंद कपाळ. पण तोंड फाटकाकडे वळलेलं आणि डोळा एकच. दुसऱ्या कागदावरही एकच. एकामागून एक तीनशे बारा वर्कनेशा, सगळ्या एका डोळ्याच्या, सगळ्या एका दिशेने निघालेल्या. देवळाच्या भिंतीवरचे ते लोक असेच निघालेले असतात.

पहिल्या दिवशी मी फक्त केस भरले. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेत माझं मन लागेना. वाटलं, पोरीला कोणी नियम शिकवलाच नाही. शिकवायचा होता मी. माझ्याच आळसामुळे माझी बहीण त्या रांगेत जाऊन उभी राहिली. घरी येऊन मी शाईचं पेन घेतलं आणि नाकाच्या कडेला, जागा होती तेवढ्यात, तिला दुसरा डोळा दिला. प्रत्येक डोळ्याला एकदा मरियमचं नाव घेतलं. तिसऱ्या दिवशी दुपारी सगळे पुरे झाले तेव्हा मला इतकं हलकं वाटलं की मी बेझासाठी डाळीच्या पिठाचा शिरो रटरटत ठेवला आणि दारात जाऊन उभी राहिले.

बेझाबरोबर तिच्या वर्गातला किरुबेलही आला. बडबड्या पोरगा. त्याने गठ्ठा उचलला, अंगठ्याने कागद भराभर सोडले आणि खो-खो हसला.

"बेझा, हे काय गं? तुझ्या आईच्या तोंडावर पिसू बसलीय! बघ कशी उडतेय. नाकावर, गालावर, परत नाकावर..."

मग बेझाचं तोंड पाहून त्याने गठ्ठा तिच्या हातात दिला.

तिने एक कागद खिडकीशी धरला. मग दुसरा. मग अगदी तळातला.

"हे कोणी केलं?"

"मी," म्हटलं. "पोरी, तुझी चूक नाही. तुला कोणी सांगितलंच नव्हतं. एका डोळ्याचं कोण असतं..."

"मला माहीत आहे कोण असतं! एतेते, ती चालतेय. बाजूने चालणाऱ्या माणसाचा एकच डोळा दिसतो. तुझाही एकच दिसतो!"

"माझा दिसला तर दिसू दे. मी अजून जिवंत आहे, मला पश्चात्तापाला वेळ आहे. तिला कुठे आहे?"

बेझा भिंतीला टेकून खाली बसली. शिरो करपल्याचा वास आला तरी आम्ही कोणी उठलो नाही.

"पाच दिवस," शेवटी ती म्हणाली. "शाई पुसली जात नाही. सगळं नव्याने काढायचं. पाच दिवसांत तीनशे बारा."

किरुबेल हळूच म्हणाला, "माझंच घोंगडं अजून भिजत पडलंय गं. नाहीतर..."

"तू जा," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी नेतेला ही पांढरी सुती शाल पांघरून देवळाला निघाले. बेझा कागद आखत बसली होती. तिने मान वर केली नाही. फाटकापर्यंत गेले आणि परतले. एकवीस वर्षांत पहिल्यांदा. अंगावरचा नेतेला घडी करून खुंटीवर ठेवला आणि तिच्यासमोर बसले.

"गिरवायला मला येतं," म्हटलं.

त्या आठवड्यात वीज दिवसरात्र नव्हती, म्हणून खालून दिवा लावलेली तिची काच बंदच होती. आम्ही जुना कागद खिडकीच्या तावदानाला चिकटवायचो, वर कोरा, आणि उजेडात दिसेल ते गिरवायचो. आभाळ भरून आलं की रेघा दिसेनाशा व्हायच्या, मग ढग सरकेपर्यंत हात जोडून वाट बघायची. सूर्य गेला की काम थांबलं. पदर, पाय, बोचकं, सगळं माझ्या हातून बिनचूक उतरत होतं. चेहरा आला की पेन उचललं जायचं.

"काढ ना," बेझा म्हणाली. "कपाळ, नाक, हनुवटी. एक रेघ आणि एक टिंब. एवढंच."

मी पेन टेकवलं. टेकवूनच राहिले. शाईचा थेंब फुगला आणि वर्कनेशच्या गालभर पसरला.

बेझाने कागद ओढून फाडला.

"मी मुद्दाम नाही गं..."

"माहीत आहे. मुद्दाम केलं असतंस तर भांडता तरी आलं असतं." तिने डोळे पुसले. "तू धड काढ. डोकं मी काढते."

तिसऱ्या दिवशी किरुबेल डोकावला. एकीकडे धडांचा ढीग, दुसरीकडे ती डोकी लावतेय. "उपासाच्या दिवसांत खाटकाचं दुकान उघडलंत होय, एतेते?" म्हणाला. बेझाने आकडे न घातलेला गठ्ठा त्याच्याकडे सरकवला. मग मुकाट्याने बसून त्याने संध्याकाळपर्यंत कागदांना आकडे घातले.

माझा हात चालत होता, तिचा मागे पडत होता. चेहरा म्हणजे पदर नव्हे, केसभर रेघ सरकली की माणूस बदलतं. चौथ्या दिवशी तिचा अंगठा सुजला. मी तेल लावायला गेले तर म्हणाली, "नको, कागदाला डाग पडतील." पाचव्या दिवशी सकाळी दहाला कॉलेजात पोचायचं होतं. निघताना मोजलं. एकाहत्तर कागद बिनचेहऱ्याचे होते.

"माझे डोळ्यांचे कागद घाल त्या जागी," मी म्हटलं.

"पिसू?" ती एवढंच म्हणाली.

दोन दिवसांनी फिल्म दाखवली. घरच्यांना बोलावलं होतं. अंधारात पडद्यावर माझी बहीण उठली, तिने बोचकं घेतलं आणि अंगणातून चालू लागली. खरंच चालू लागली. पावलं टाकायची तिची ती लकब, किंचित घाईची. एकच डोळा दिसत होता, आणि शपथेवर सांगते, मला त्यात सैतान दिसला नाही. फाटकाला सहा सेकंद उरले आणि तिचा चेहरा नाहीसा झाला. पदर चालत राहिला, पाय चालत राहिले, मानेवर कोरा कागद.

दिवे लागले. तीन परीक्षक होते. मधल्या बाईंचे डोळे भरले होते.

मेम्हिर योनास पुढे वाकले. "बेझावित, शेवटी चेहरा जातो. ते मुद्दाम केलंयस ना? मूल आईचा चेहरा विसरत जातं, असं काही?"

त्यांनी दार उघडून धरलं होतं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. रोज सकाळी जिभेवर खोटं येऊ देऊ नको म्हणून मागणं मागणारी मी, पदर मुठीत धरून मनात म्हणत होते: हो म्हण. माझ्या मरियम, तिला हो म्हणू दे.

"नाही सर," बेझा म्हणाली. "वेळ पुरला नाही. मला आईचा चेहरा आठवतो. मी तो मुद्दाम कशाला घालवेन?"

सरांनी हातातल्या कागदावर खूण केली. "म्हणजे अपुरी," ते म्हणाले. आवाज कठोर नव्हता.

त्या आठवड्यात तिचं नाव कमी झालं. बेझा भिंतीकडे तोंड करून पडून असते. हाक मारली की 'हं' म्हणते. समोर ठेवलेला इंजेरा वाळून जातो. मी आमच्या धर्मपित्यापुढे कबुली दिली. देवळातले पाच दिवस बुडवल्याबद्दल त्यांनी मला रोजचे चाळीस दंडवत सांगितले. त्या डोळ्यांबद्दल मी बोलू लागले तर म्हणाले, "बाई, ते काही पाप नव्हे." त्याचं प्रायश्चित्त त्यांनी दिलं नाही, तेव्हा मलाच ते शोधावं लागलं.

आता पहाटेची स्तोत्रं झाली की मी एक बिनचेहऱ्याचा कागद तावदानाला लावते आणि त्याला चेहरा काढते. बाजूने, एका डोळ्याचा. रोज एकच. पहिल्या दिवशी हनुवटीच राहिली. सहाव्या दिवशी मागून आवाज आला, "नाक लांब होतंय." मी वळले तर ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून होती. सातव्या दिवशी नाक आखूड काढलं.

काल बारा झाले. बाराही कागद एकत्र धरले आणि किरुबेलसारखे अंगठ्याने सोडले. एक सेकंद. वर्कनेशने दोन पावलं टाकली. फाटक अजून पुढेच आहे. एकोणसाठ कागद उरलेत.