उशिरा पावलेला नवस

दिव्यानीच्या हनुवटीवर दाढीसारखे राठ केस आले, चार महिने पाळी चुकली आणि तिच्या आईला, रुखमाबाईला, अन्न गोड लागेना. सतरा वर्षांपूर्वी ही पोर पोटात असताना तिनं चंद्रपूरच्या महाकालीला नवस बोलला होता, मुलगाच दे म्हणून. झाली मुलगी. आता देवी उशिरा पावली आणि पोरीचा पोरगा व्हायला लागला, अशी बाईची पक्की खात्री! बरं, हे सांगणार कोणाला?

त्यांच्या सावली गावच्या बायांनी हळद-बेसनाचे लेप सांगितले. केस हटायचं नाव घेईनात. शेवटी मायलेकी एसटीनं चंद्रपूरला गेल्या. रक्त तपासलं, सोनोग्राफी झाली. रुखमाबाई जीव मुठीत धरून बसली.

"मुलगी आहे आणि मुलगीच राहणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मंग हे दाढी काऊन?"

"अंडं ज्या पिशवीत वाढतं, तिच्याभोवती पेशींचे दोन थर असतात. डोक्यातल्या ग्रंथीचा हुकूम आला की बाहेरचा थर पुरुषी हार्मोन बनवतो. प्रत्येक बाईत बनवतो! आतला थर त्याचंच बाईचं हार्मोन करतो. समजा, बाहेरची बाई उखळात तांदूळ सडते, आतली शिजवते. हिच्या अंगात हुकूम जास्त येतो, वर इन्शुलिन त्याला जोर देतं. बाहेरची तांदूळ सडतच सुटली, आतलीला शिजवणं झेपेना. उरलेलं पुरुषी हार्मोन रक्तात फिरतं, म्हणून केस येतात, पाळी चुकते. गोळ्या देते. गोड कमी, चालणं जास्त. वेळ लागेल, पण आटोक्यात येईल."

"म्हंजे देवीनं नाई केलं?"

"कोणत्या देवीनं?"

मग काय, बांध फुटला. रडत रडत बाईनं नवसाचं सगळं ओकून टाकलं.

दिव्यानीचं तोंड एवढंसं झालं. "म्हंजे आई, तुले मी नको होती?"

"नको होती वं," रुखमाबाईनं डोळे पुसले. खोटं बोलणं तिला कधी जमलंच नाही. "पण तुले कुशीत घेतलं नं, तवा वाटलं, देवीनं माहं ऐकलं नाई तेच बेस झालं. हे चार महिने तेच भेव होतं, आता ऐकते का काय!"

दिव्यानी रडता रडता हसली. "मंग चाल, नवस मांगं घे."

दवाखान्यातून दोघी थेट महाकालीच्या देवळात गेल्या. रुखमाबाईनं हात जोडले आणि आजूबाजूच्या बाया वळून पाहतील एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "माय, मले पोरगीच पायजे!"