ओल्या हातांचा दोष

माझ्या डोक्यावर परिणाम झालाय, हे माझ्याच स्वयंपाकघरात बसून, मीच केलेला चहा पीत ठरवण्यात आलं. ठरवणारे तिघं: माझा मुलगा, माझी सून आणि माझी धाकटी लेक. माझा गुन्हा एवढाच, की भांडी घासायचं मशीन हाताला झिणझिण्या देतं आणि खालून गळतं, असं मी सांगत होते, आणि त्यांना ना झिणझिण्या येत होत्या, ना पाणी दिसत होतं.

मशीन मी मागितलं नव्हतं. एकट्या बाईची भांडी ती किती! पण आईसाठी काहीतरी केल्याचं समाधान मुलाला हवं होतं, ते त्याने घेतलं. कंपनीचा माणूस बसवायला उशिरा येणार म्हटल्यावर साहेबांनी ते स्वतःच बसवलं. त्याला लहानपणापासून सगळं येतंच. कोणाला विचारायची वेळ आली की त्याचा जीव जातो.

सुरुवातीला मशीन बरं चाललं. मग एकदा ते चालू असताना मी ओल्या हाताने दाराची पत्र्याची कड धरली आणि कोपरापर्यंत मुंग्या आल्या. पायाखालची फरशीही ओली होती. मी मुलाला फोन केला. तो म्हणाला, वयात हात बधिर होतात. पुन्हा केला तेव्हा सुनेने सांगितलं, साबण जास्त पडत असेल, फेस बाहेर येत असेल. त्याच्या पुढच्या वेळी पलीकडे कुजबुज ऐकू आली, आणि तेव्हापासून सगळे मला काल काय जेवलात, आज वार कोणता, असं गोडगोड विचारू लागले. साठी बुद्धी नाठी म्हणतात. पण ती खरंच नाठी झाली का, हे बघायला कोणी येईना. मनातून ते तिकडेच ठरलं होतं, शिक्कामोर्तब तेवढं बाकी होतं.

रविवारी तिघंही आले. मुलाने तपासणी केली म्हणजे काय केलं, ते सांगते. मशीन रिकामं, आणि त्याला घाई, म्हणून गार पाण्याने नुसतं खंगाळायचं बटण दाबलं. फरशी गार लागते म्हणून पायांत रबरी चपला. तशा थाटात त्याने मशीनवर तळहात ठेवला आणि म्हणाला, बघ, काही नाही. सुनेनेही हात लावला. धाकटीने लावला. मग मला लावायला सांगितलं. मी लावला, आणि देवाशपथ, मलाही काही जाणवलं नाही. खाली पाण्याचा टिपूस नव्हता.

तिघांनी एकमेकांकडे जे पाहिलं, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही.

मग सगळं भराभर झालं. मी मुलाच्या घरी मागच्या खोलीत राहायचं, हे घर भाड्याने द्यायचं आणि आधी विसराळूपणाच्या डॉक्टरांकडे जायचं. धाकटी, जिने माझी बाजू घ्यायची, ती मूग गिळून बसली. आणि मी? ज्या बाईने शाळेत सगळी हयात विज्ञान शिकवलं, ती मी म्हणाले, बरं. कारण तोवर मला माझाच संशय यायला लागला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बांधाबांध करायला घेतली. कपाटातली भांडी धूळ खात पडली होती. ती धुऊनच बांधावीत म्हणून मशीन गच्च भरलं आणि कढत पाण्याचं मोठं धुणं लावलं. बऱ्याच वेळाने ओट्यावरून फडकं घ्यायला वाकले, हात दाराच्या कडेला लागला आणि मुंग्या थेट खांद्यापर्यंत गेल्या.

तळपायाची आग मस्तकात गेली. शॉकने नव्हे, रागाने.

मी हात कोरडे केले, चपला घातल्या आणि खणातला टेस्टर आणला. कडेच्या स्क्रूला टेकवला, तर आतला दिवा लख्ख पेटला. टेस्टर म्हातारा होत नाही आणि त्याला कोणी डॉक्टरकडे नेत नाही. मी मेन स्विच बंद केला, प्लग काढला, मशीनच्या पायथ्याची पट्टी उघडली आणि पोटावर झोपून बॅटरी मारली. पाणी तापवणाऱ्या हीटरच्या बुडाशी रबरी वायसर होता. तापल्यावर तो सैल पडत होता आणि तिथून एकेक थेंब हीटरच्या वायरींच्या टोकांवर पडत होता. टोकं हिरवीगार गंजलेली. म्हणजे गार पाण्यावर ना गळती, ना शॉक. दोन्ही रोगांचं मूळ एकच होतं.

पण वीज मशीनच्या पत्र्यात उतरली तरी अर्थिंगने ती जमिनीत जायला हवी, माझ्या अंगातून का गेली? मी वायर चाचपत फ्रीजच्या मागे गेले. मशीनची वायर भिंतीतल्या सॉकेटपर्यंत पुरत नव्हती, म्हणून मुलाने तिला दुसरी वायर जोडली होती. दोनच तारांची. तिसरी, हिरवी, अर्थिंगची तार, जोडापाशी कापून तिच्या टोकाला काळी टेप गुंडाळली होती, छान घट्ट, नीटनेटकी. म्हणजे ती त्याला दिसली होती. गावाची पोरं शिकवली, आणि माझ्याच पोटचं हे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

तिघांना बोलावून घेतलं. काहीही न बोलता बॅटरी मुलाच्या हातात दिली आणि त्याला आधी पोटावर झोपवलं, मग फ्रीजमागे धाडलं. बाहेर आला तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मला वाटलं, आता म्हणेल, आई, चुकलो. त्याने हात झटकले, तारेवरून काढून आणलेली टेप उलटसुलट पाहिली आणि म्हणाला,

"म्हणूनच सांगतो ना आई, तू एकटीने राहणं धोक्याचं आहे."

चोराच्या उलट्या बोंबा ऐकल्या होत्या, पोटच्या पोराच्या पहिल्यांदाच ऐकल्या. मी ओरडले नाही. खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले.

"धोका या घरात तू आणून बसवलास, आणि वेडी मी ठरले. आज सकाळी मी इथे मरून पडले असते ना, तर तुम्ही येणाऱ्याजाणाऱ्याला काय सांगितलं असतं? आई हल्ली विसरायची, ओल्या हाताने काहीतरी केलं असेल. आणि सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या. माझं मरणसुद्धा तुम्ही माझ्याच माथी मारलं असतंत."

मुलगा ती टेप बोटाला गुंडाळत राहिला. धाकटी रडायला लागली, पण नाही म्हणाली नाही. मी वाट पाहत होते, कोणीतरी नाही म्हणावं म्हणून.

शेवटी सून बोलली, माझ्या डोळ्यांत बघून.

"हो, आई. मीच सांगितलं असतं."