बेगीन: वरातीतले अर्थ

बेगीन. म्हणजे लवकर. दिवा गावातल्या आगरी घरांत हा शब्द दिवसभर ऐकू येतो.

उपयोग: दामाजी मुलाला म्हणाला, "कान्या, बेगीन घोऱ्यावर बस."

कान्हाला घाई होतीच. त्या साली, ब्याण्णवला, पावसाळ्याआधीची ही शेवटची लग्नतिथी. लग्न लावणारी आवडाबाई धवलारीण मांडवात केव्हाची येऊन बसली होती. तिने निरोप धाडला: "मना मुंब्र्यालाबी लगीन लावाचा हाय. उजेड हाय तवर नवरा नाय आला, तर तुलशीच्या लग्नानंतर भेटू."

म्हणजे दिवाळीनंतर.

बेगीन, पुन्हा. हातगाडीवरच्या बेंजोवाल्या पोपटला दामाजी म्हणाला, "ठेका बेगीन वाजव, म्हंजे पाय उचलतील."

पोपटने वाजवला. वरात जागीच थांबली. पाण्याच्या टाकीपाशी कान्हाचे सगळे मामा तोंडात रुमाल धरून जमिनीवर बसले आणि बसूनच नाचू लागले.

"दादा, ठेका फास्ट झाला की वरात स्लो," पोपट म्हणाला. "आमच्या धंद्यात असाच आहे."

"मंग हलू वाजव."

हळू वाजवलं. मामा डोळे मिटून डोलू लागले.

"बंद कर."

बंद केलं. मामांनी गाडीला वेढा घातला. "बहिणीच्या पोराचा लगीन हाय. वाजव."

बेगीन (बोलायचं नाही, करायचं). कान्हा घोड्यावरून उतरला, मुंडावळ्या कानामागे टाकल्या, हातगाडीला खांदा लावला आणि पळत सुटला. गाणं पळालं तशी माणसं गाण्यामागे पळाली. मामा तर बसल्या बसल्या पळाले. कसे, ते कुणालाच सांगता आलं नाही.

मांडव आला. कान्हाने हात सोडले. गाडी थांबली नाही. पुढे उतार होता. पोपट, बेंजो, कर्णे, मामा, सगळी वरात मुंब्र्याच्या दिशेने नाचत निघून गेली.

मांडवात शिरले कान्हा, दामाजी आणि घोडा. पिशवी उचलून निघालेली आवडाबाई परत बसली.

अंतरपाटाआडून नवरी सगुणाने हळूच विचारलं, "तुमची मानसां?"

"फुरं गेली, मुंब्र्याला."

"जेवाला येतील ना?"

"पोपट थांबल तवा."

"गप ऱ्हावा दोघांव," आवडाबाई म्हणाली. "मना बेगीन जायाचा हाय. तिकरं नवरा पोचाच्या आधी तुमची वरात पोचल."