हात डोक्यापर्यंत

"जमुने, तुया सुनेले सांग, घरात मोठं मानूस जेवून राहिलं आहे."

भात वाढायला वाकलेली ओमेश्वरी तशीच थांबली. तिचा पदर खांद्यावर घसरला होता आणि सासरे, सेवकराम, ताटात नजर रोवून बसले होते. त्या घरात सासऱ्यांसमोर सुनेचं डोकं उघडं राहत नसे. पदर सुटला की हात आपसूक वर जायचा. ओमेश्वरीचा हात खांद्यापर्यंत गेला. पुढे जाईना. मान वाकडी करून तिनं डोकंच पदराकडे नेलं, तोवर सेवकराम उठले होते. ताटात अर्धा भात तसाच.

"इतका कायचा गर्व आला वो तुले?" सासूबाई, जमुनाबाई, चुलीपाशी येऊन कुजबुजल्या.

गर्व! केस विंचरायचे तर ती कोपर खिडकीत टेकवून फणीखाली डोकं फिरवत होती. अडीच वर्षांची रिंकी "माय, उचल" म्हणत दोन्ही हात वर करायची, तेव्हा ती खाली बसून तिला मांडीवर घ्यायची. उठताना मात्र भिंतीला धरून, गुडघ्यांवर हात रेटत, स्वतःलाच जिना चढवावा तसं वर चढवायची. बोटांच्या पेरांवर लाल चट्टे उठले. ते साबणाचे ठरले. पापण्या जांभळट झाल्या. ते लेकीच्या जागरणाचं. दूध सुटलं की येईल ताकद, असं तिनंच मनाशी ठरवून टाकलं होतं. बाईमाणसाच्या थकव्याला कारण शोधत बसायला घरात कुणाला सवड असते?

त्या दिवसापासून सेवकरामांनी तिच्या हातचं वाढून घेणं सोडलं. भांडण नाही, मोठा आवाज नाही. ती ओसरीत आली की ते गाई पाहायला उठत. तिला तेच जास्त लागायचं.

मग एका सकाळी हातपंपापाशी भांडी घासायला बसली ती उठेचना. शेजारची सुशिलाबाई आधी हसली, "बसली तं बसलीच का वो?" मग तिचा चेहरा पाहून धावली. तिनं आणि पाण्याला आलेल्या आणखी एकीनं काखेत हात घालून ओमेश्वरीला उभं केलं. नवऱ्यानं, हेमेंद्रनं, ते फाटकातून पाहिलं. दुसऱ्या दिवशी गोंदिया, तिथून नागपूर.

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी तिला हात न टेकता खुर्चीतून उठायला सांगितलं. जमलं नाही. रक्त तपासलं, मांडीच्या स्नायूचा बारीकसा तुकडा तपासला. मग त्या म्हणाल्या, "शरीराचे राखणदार असतात ना, तेच तुमच्या स्नायूंवर उलटलेत. स्नायूंना सूज आहे, म्हणून ताकद गेली. हा आळस नाही."

"बरं होते का, मॅडम?" हेमेंद्रनं विचारलं.

"आटोक्यात येतं. वेळ लागतो. गोळ्या सकाळी, खाऊन. चेहरा गोल होईल, तरी आपल्या मनानं बंद करायच्या नाहीत. आम्ही हळूहळू कमी करू. उन्हात अंग झाकायचं. घास अडकला, दम लागला तर त्याच दिवशी यायचं. आणि थोडा थोडा व्यायाम, आम्ही सांगू तेवढाच."

ओमेश्वरीच्या कानात एकच वाक्य राहिलं: हा आळस नाही. ते कागदावर लिहून द्याल का, असं विचारायचं तिच्या ओठांवर आलं होतं.

घरी हेमेंद्रनं सगळं सांगितलं. "बाबूजी, तिचा हात डोक्यापर्यंत जातच नाई. तीन महिने झाले."

सेवकरामांनी विचारलं, "मंग सांगितलं काऊन नाई?"

दारामागून ओमेश्वरीचं उत्तर आलं, "मलेच कुठं मालूम होतं, मामाजी."



दोन महिन्यांत तिचा चेहरा खरंच गोल झाला. "अंग धरलं वो पोरीनं," सुशिलाबाई म्हणाली, "आता गोळ्या कायले?"

"हे अंग नाई, गोळीचं फुगणं होय," ओमेश्वरी म्हणाली. "गोळी सोडली तं मले रोज उचलायले तू येशील का?"

"नको बापा! एक डाव उचललं तं माही कंबर धरली होती."

व्यायामाचा पहिला दिवस. ऊन चढायच्या आत अंगणात खुर्ची मांडली. हात छातीवर घेऊन पाचदा उठायचं, बसायचं. समोरच दुसऱ्या खुर्चीवर सेवकराम चहा पीत होते. ओमेश्वरी दारातच थबकली.

"थांब, पदराले पिन लावून देतो," म्हणत जमुनाबाई लगबगीनं पुढे झाल्या.

"राहू दे, जमुने."

सेवकराम उठले. त्यांनी आपली खुर्ची उचलली, फिरवली आणि कालव्याकडे तोंड करून, अंगणाला पाठ देऊन बसले. "हं. कर."

ओमेश्वरी उठली, बसली. खुर्ची कुरकुरली.

"एक," पाठमोरे सेवकराम म्हणाले.

"दोन."

तिसऱ्याला मांड्या थरथरल्या. चौथ्याला डोळ्यांपुढे पांढरं आलं. पाचव्याला ती पुढे झुकली, दात आवळले. अंग जागचं हललं नाही.

मागून कुरकुर आली नाही. सेवकराम थांबले होते. "पाच" त्यांनी म्हटलं नाही.

"चार बी कमी नाई," थोड्या वेळानं ते समोरच्या हिरव्या धानाकडे बघत म्हणाले. "घाई कायची आहे?"

हातातला चहा केव्हाच निवला होता. ती आत जाईपर्यंत त्यांनी मान वळवली नाही.